पहिल्या पावसात मेगर का पडतो? केबलचं जखमी इन्सुलेशन: अणुवीज प्रकल्पाच्या साइटवर आणि आपल्या शेतात

मे महिन्यात केबल तपासली तेव्हा मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती धड आहे ते मोजणारं मीटर, आठशे मेगाओहम दाखवत होता. (आम्ही त्याच्या आकड्यालाही मेगरच म्हणतो.) मृगाचा पाऊस पडला आणि त्याच केबलचा एक कोर, म्हणजे आतली एक तार, दोन मेगाओहमवर आला. चार दिवस ऊन पडलं, पुन्हा सहाशे. पुढची सर आली, पुन्हा दोन. सुपरवायझर म्हणतो मीटर खराब आहे, मीटरवाला म्हणतो केबल खराब आहे, आणि केबल ओढणारा पोरगा गप्प उभा राहतो.

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात दोन बाजूंनी येतो. साइटवर गेलेली आपली पोरं फोन करतात. आणि गावातले शेतकरी सांगतात, "उन्हाळाभर मोटार चांगली चालली भाऊ, पानी लागलं का स्टार्टर पडते." दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. केबलला कुठेतरी जखम झालेली असते, ती कोणीतरी पाहिलेली असते आणि वरून काळी टेप गुंडाळलेली असते.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात. आयटीआय झाल्यावर आधी औष्णिक केंद्रांच्या शटडाउनची कामं केली, मग परराज्यात एका अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर अकरा वर्षं केबलच्या गँगमध्ये होतो. शेवटची पाच वर्षं गँग माझ्या हाताखाली होती. विदर्भात अणुवीज प्रकल्प नाही. महाराष्ट्रातलं चालू केंद्र एकच, तारापूरचं, १९६९ पासूनचं. जैतापूरचं अजून उभं राहायचं आहे. आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, मौदा, तिरोडा ही सगळी कोळशावरची. पण केबल ओढायला आपल्या भागातली पोरं सगळीकडे जातात. त्यांच्यासाठी आणि गावात राहिलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

मेगर पास झाला म्हणजे केबल धड आहे का?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून आधी हेच समजून घ्या.

कोरच्या इन्सुलेशनला ब्लेड लागलं, अगदी तांब्यापर्यंत चीर गेली, तरी त्या चिरेत काय असतं? हवा. कोरडी हवा एका मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट अडवते. आपण मेगरने देतो पाचशे किंवा हजार. मग मेच्या उन्हात, हवा कडकडीत कोरडी असताना, ती उघडी चीर मेगरला दिसणारच नाही. काटा आरामात वर जाईल. त्याच चिरेत पावसाची ओल, सिमेंटची धूळ, ट्रेवरचा (केबल ठेवायच्या लोखंडी पन्हाळीवरचा) गंज असा लगदा बसला की वाट तयार होते आणि मेगर पडतो. ऊन पडून लगदा वाळला की पुन्हा चढतो. हा चढउतार मीटरचा दोष नसतो. जखम उघडी आहे एवढंच ती केबल सांगत असते.

म्हणून मेगर एकट्याने पुरेसा नाही. आधी डोळा, मग हात, मग मेगर, हाच क्रम ठेवा. हात अर्थातच बंद केलेल्या, दोन्ही टोकांनी सोडवलेल्या आणि मृत असल्याची खात्री केलेल्या केबलवरच लावायचा.

मेगर घेताना ज्या चुका मी वारंवार पाहिल्या त्या अशा. टोकं ओली किंवा मळकट असताना रीडिंग घेतात, मग केबल चांगली असूनही कमी येतं. टोक पुसा, वाळवा, आणि मीटरला गार्डचं टर्मिनल असेल तर वापरा, म्हणजे पृष्ठभागावरून वाहणारा करंट हिशेबात येत नाही. दहा सेकंदांत आकडा लिहून मोकळे होतात. पूर्ण एक मिनिट धरा. एक कोर तपासताना बाकीचे सगळे कोर आणि आर्मर (केबलमधलं धातूचं चिलखत) एकत्र बांधून अर्थला जोडा, नाहीतर दोन कोरांमधली गळती सुटते. दुसऱ्या टोकाला एखादं कार्ड, ड्राइव्ह किंवा मीटर जोडलेलं राहिलं तर ते जळतं, आणि असं जळलेलं मी पाहिलं आहे. कुठल्या केबलला किती व्होल्टचा मेगर द्यायचा हे टेस्ट प्रोसिजरमध्ये लिहिलेलं असतं. इन्स्ट्रुमेंटच्या बारीक केबलला अंदाजाने हजार व्होल्ट देऊ नका. तपासून झालं की कोर अर्थला टेकवून डिस्चार्ज करा. लांब केबल चार्ज धरून ठेवते आणि नंतर हात लावणाऱ्याला झटका देते.

आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. केबल जितकी लांब तितका मेगर कमी येणार. शंभर मीटरला हजार देणारी केबल एक किलोमीटरची असती तर शंभरच देईल. आणि केबल जितकी तापलेली तितका कमी. ढोबळ हिशेब दर १० अंशाला निम्मा. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा शेजारच्या कोरशी तुलना करा. एकाच केबलचे तीन कोर आठशे आणि चौथा साठ देत असेल तर साठ "पास" आहे म्हणून सोडू नका. त्या चौथ्याला काहीतरी झालं आहे.

जखम दिसली. आता काय?

हात थांबवायचा. ओढणं थांबवायचं. टेपला हात लावायचा नाही.

अणुवीज प्रकल्पाच्या साइटवर यापुढची पद्धत ठरलेली असते. जखमेच्या जागी खूण करायची, होल्ड टॅग (काम थांबवल्याची चिठ्ठी) बांधायचा, केबलचा नंबर, ट्रेचा नंबर, टोकापासूनचं अंतर आणि फोटो घेऊन सुपरवायझरला कळवायचं. तिथून क्वालिटीचे लोक एनसीआर काढतात, म्हणजे ठरलेल्या मापात नसलेल्या गोष्टीची लेखी नोंद होते. दुरुस्ती करायची की केबल बदलायची हे डिझाइनचा इंजिनिअर ठरवतो. गँग नाही, ठेकेदारही नाही. आपल्या पोरांना हे जड वाटतं. "एवढ्याशासाठी कागद?" पण तो कागद निघाला की ती केबल कुठे जखमी झाली होती, कशाने दुरुस्त झाली आणि दुरुस्तीनंतर मेगर किती आला हे पुढची चाळीस वर्षं कोणालाही सापडतं. टेपखाली झाकलं तर कोणालाच सापडत नाही.

आपलं काम आहे जखम किती खोल आहे ते नीट पाहून खरं सांगणं. केबल बाहेरून आत कशी बनते ते डोळ्यासमोर आणा: बाहेरची शीथ म्हणजे वरचं आवरण, तिच्याखाली आर्मरच्या तारा किंवा पट्ट्या, मग आतली शीथ, मग एकेका कोरचं इन्सुलेशन, आणि शेवटी तांबं किंवा ॲल्युमिनियम. नुसतं खरचटलं आहे आणि शीथची जाडी बरीचशी शिल्लक आहे, की आर्मर दिसतो आहे? आर्मरची तार नुसती उघडी आहे, की दबून आत वाकली आहे? दबली असेल तर ती आतल्या शीथमध्ये घुसली असू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. खिळ्यासारखं एखादं टोक घुसलेलं असेल तर बाहेरचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं आणि आतलं नुकसान कोरपर्यंत, असंही होतं.

बाहेरच्या शीथपुरतीच जखम असेल तर बहुतेक वेळा मंजूर केलेल्या पद्धतीने दुरुस्ती होते. कोरच्या इन्सुलेशनपर्यंत गेली असेल तर अणुवीज प्रकल्पात, त्यातही सुरक्षेच्या केबलला, ट्रेच्या मध्येच जॉइंट मारायला साधारणपणे परवानगी नसते. त्या केबलची पूर्ण लांबी काढून नवी ओढतात. इंजिनिअरने लेखी मंजुरी दिली तरच जॉइंट, तोही तपासून पारखलेल्या किटचाच.

इतकी कडक पद्धत का?

हे माझ्या गँगच्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात सांगायचो, कारण नियम का आहे ते कळल्याशिवाय तो पाळला जात नाही.

आपल्या जडपाण्याच्या अणुभट्ट्यांच्या केंद्रात वीजपुरवठ्याचे चार वर्ग असतात. वर्ग ४ म्हणजे ग्रिडची साधी वीज. ती गेली तर वर्ग ३, डिझेल जनरेटरची. डिझेल सुरू होईपर्यंतही जिला खंड चालत नाही ती वर्ग २, इन्व्हर्टरची. आणि शेवटी वर्ग १, बॅटरीची डीसी. भट्टी बंद झाली तरी आतल्या इंधनाची उष्णता चालूच राहते, तिला थंड करत राहावं लागतं. म्हणून पंप, व्हॉल्व्ह, मापन यांच्या केबल जोडीने असतात आणि त्या जोड्या वेगवेगळ्या मार्गांनी नेतात. एका मार्गावर काही झालं तरी दुसरी जोडी जिवंत राहावी.

नरोऱ्याची घटना तुम्ही ऐकली असेल. उत्तर प्रदेशातलं नरोरा केंद्र, ३१ मार्च १९९३ ची पहाट. टर्बाइनची दोन पाती तुटली, यंत्र हादरलं, जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि आग केबलच्या वाटेने पसरली. आग केबलमुळे लागली नव्हती. पण वेगवेगळ्या पुरवठ्याच्या केबल पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या आणि आग अडवणारे अडसर कमी पडले, म्हणून राखीव पुरवठ्याच्या केबलही जळाल्या. केंद्र सुमारे १७ तास पूर्ण अंधारात होतं. भट्टी बंद झाली होती. ऑपरेटर बॅटरीच्या उजेडात वर चढले आणि भट्टी बंदच राहावी म्हणून त्यांनी हाताने बोरॉन सोडलं, आणि डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बॉयलरला पाणी दिलं. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. त्या लोकांच्या धैर्याबद्दल मला फार आदर आहे.

अमेरिकेत अलाबामामधल्या ब्राउन्स फेरी केंद्रात २२ मार्च १९७५ ला याहून साधी गोष्ट घडली होती. केबल भिंतीतून जातात त्या भोकाच्या सीलमधून हवा गळते का हे कामगार पेटत्या मेणबत्तीने बघत होते. सीलचा फोम पेटला, आणि विझेपर्यंत सोळाशेहून जास्त केबलचं नुकसान झालं. आग अडवण्याचे आणि केबल वेगळ्या ठेवण्याचे जगभरचे नियम त्यानंतर कडक झाले.

आता काळ्या टेपचा विचार करा. केबलची शीथ ज्योत न पसरवणारी, धूर कमी करणारी म्हणून तपासून घेतलेली असते. भट्टीच्या इमारतीतल्या केबल उष्णता, किरणोत्सर्ग आणि अपघाताच्या वेळची वाफ सोसतील का हे आधी नमुन्यांवर पाहिलेलं असतं. आपण गुंडाळलेली दुकानातली पीव्हीसी टेप यातलं काहीही पार पडून आलेली नसते. तिचा चिकटा उन्हाळ्यात पाझरतो, दोन वर्षांत टेप सुटते. शिवाय पीव्हीसीत क्लोरीन असतं आणि स्टेनलेस स्टीलच्या पाइपला क्लोराइड चालत नाही, त्याने पुढे तडे जातात. तिथे पाइपवर खूण करायचा मार्करसुद्धा मंजूर यादीतलाच लागतो, आपल्या मनाने आणलेली टेप तर दूरच.

एका टेपची गोष्ट

आमच्या गँगमध्ये यवतमाळकडचा एक पोरगा होता. एकोणीस वर्षांचा, हाताला साफ, कामसू. एका व्हॉल्व्हच्या कंट्रोल केबलला ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली घट्ट पकड) बसवताना शीथ सोलायला त्याने कटर गोल फिरवला आणि पातं जरा जास्त खोल गेलं. आतल्या एका कोरवर बांगडीसारखी चीर उमटली. सरळ कोरवर अशी चीर दिसतही नाही. कोर टर्मिनलकडे वळवला की ती उघडते, भरायच्या वांग्याला चीर दिल्यावर ते उघडतं तशी, आणि आत तांबं चमकतं. त्याला ते दिसलं. त्याने टेपचे तीन वेढे दिले, कोर वळवून टर्मिनलमध्ये बसवला आणि झाकण लावलं.

तो मार्च होता. मेगर पास झाला. जुलैमध्ये त्या व्हॉल्व्हचा "बंद" असल्याचा सिग्नल कधी यायचा, कधी जायचा. आठ दिवस आम्ही लिमिट स्विच बदलून पाहिला, रिले बदलून पाहिला. शेवटी मी केबल दोन्ही टोकांनी सोडवून मेगर केला. एक कोर दीड मेगाओहम. जंक्शन बॉक्सपाशी अर्धी करून तपासली, व्हॉल्व्हकडचा अर्धा खराब निघाला. ग्लँड उघडला आणि टेप सापडली, पाण्याच्या थेंबासकट.

तोपर्यंत टोकाला जास्तीची लांबी राहिली नव्हती, म्हणून केबल बदलावी लागली. आणि तोपर्यंत त्या केबलच्या वाटेवरच्या भिंतीचं आग अडवणारं सील भरून झालं होतं. ते फोडायचं म्हणजे शेजारच्या बावीस केबलना धक्का न लावता फोडायचं, मग नवी केबल ओढायची, सील पुन्हा भरायचं, सगळ्यांचा मेगर पुन्हा घ्यायचा, कागद पुन्हा करायचे. चार दिवस गेले. मार्चमध्ये त्याने सांगितलं असतं तर टोकाला दीड फूट जास्तीची केबल होती, तेवढं कापून नव्याने सोललं असतं. वीस मिनिटांचं काम.

मी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "मले वाटलं काका, सांगतलं त रोज कापतीन."

चूक त्याची होती, पण त्याला ही भीती आम्हीच शिकवली होती. त्याआधी आमच्याच साइटवर एका ठेकेदाराने खराब केबलचे पैसे गँगच्या मजुरीतून कापले होते आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून गँगमध्ये मी एक गोष्ट पक्की केली: जो स्वतः येऊन जखम दाखवेल त्याला एक शब्द बोलायचा नाही, आणि त्याच्या रोजाला हात लागू द्यायचा नाही. पुढच्या महिन्यात सात जखमा आमच्याकडे चालत आल्या. त्या आधीही होत असणारच. जे सुपरवायझर हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगतो, मेगर घेण्याआधी ही एक गोष्ट करा.

जखमा कुठून येतात

सगळ्यात जास्त ओढताना. ट्रे जिथे कापला असेल तिथल्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कंगोरी, राहतो आणि केबल त्यावरून घासत जाते. मी पोरांना घरून कापूस आणायला सांगायचो, आपल्याकडे त्याची कमी नाही. कापसाचा बोळा ट्रेच्या कडेवरून हलक्या हाताने फिरवायचा. जिथे तंतू अडकला तिथे बर. तिथे कानस मारायची, मग पुन्हा कापूस फिरवायचा. ओढून झाल्यावर मेलेल्या केबलच्या शीथवरूनही तोच बोळा फिरवतो. डोळ्याला न दिसलेली कापलेली जागा तंतू पकडते. हाताची त्वचा राठ झालेली असते, तिला ते कळत नाही.

वळणावर रोलर नसणे हे दुसरं. केबल कोपऱ्यावरून ताणली की आतल्या बाजूने शीथ सोलली जाते. वळणाची त्रिज्या केबलच्या बनावटीप्रमाणे ठरलेली असते. कमी व्होल्टच्या आर्मर केबलला सहसा केबलच्या व्यासाच्या बारा पट धरतात. घसरायला म्हणून ग्रीस किंवा डिझेल फासू नका, तेलाने शीथ फुगते आणि मऊ पडते. त्यासाठी पाण्याचं वंगण मिळतं.

मग वरून येणारी संकटं. वेल्डिंगची ठिणगी, ग्राइंडरचे कण, शटरिंगचं तेल, आणि ट्रेवर पाय ठेवून चढणारी माणसं. वर वेल्डिंग असेल तर खालच्या केबलवर अग्निरोधक ब्लँकेट टाकल्याशिवाय सुरू करू द्यायचं नाही, मग वेल्डर कितीही घाई करो. ठिणगीचा डाग मोहरीएवढा काळा असतो; नखाने खरवडला की तो खड्डा आहे की नुसती काजळी हे कळतं.

ओलीची एक वाट लोक विसरतात. ड्रमवरून केबल कापली की टोकाला लगेच टोपी घालायची. उघड्या टोकातून पावसाचं पाणी कोरांच्या मधल्या भरावातून कित्येक मीटर आत जातं, आणि मग बाहेर एकही ओरखडा नसताना मेगर पडतो. आणि उंदीर. केबल रूमच्या दाराखाली डब्यातल्या पोळीचा तुकडा पडला तरी उंदीर येतात. जेवण बाहेर.

शीथची दुरुस्ती, ज्यांना मंजुरी मिळाली आहे त्यांच्यासाठी

सगळ्यात जास्त वापरतात ती गुंडाळून बसवायची हीट श्रिंक (तापवली की आक्रसणारी) बाही. ती उघडी असते, केबलभोवती घेऊन कडा धातूच्या पट्टीने अडकवतात, म्हणून केबल कापावी लागत नाही. जखमेच्या कडा आधी गुळगुळीत करा, टोकं वर आलेली असतील तर बाही आतून फाटते. दोन्ही बाजूंना चांगल्या शीथवर बाही किती जायला हवी ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तेवढी जागा खरखरीत पॉलिश पेपरने घासा आणि किटमधल्या द्रावणाने पुसा. पुसल्यावर बोट लावायचं नाही, घामाच्या हाताने चिकटा धरत नाही. उष्णता मधून सुरू करून एकेका टोकाकडे न्या, म्हणजे आतली हवा बाहेर निघते. ज्योत हलती ठेवा. दोन्ही टोकांना आतला चिकटा कडेकडेने बाहेर डोकावला म्हणजे बसली. कुठे एका बाजूला डोकावला नसेल तर तिथून पाणी जाणार. गार होईपर्यंत केबल हलवू नका. मग मेगर, आणि नोंदीत सही.

गावातली गोष्ट

आता शेतातल्या मोटारीकडे. इथे ना एनसीआर, ना क्वालिटी. पण जखम तीच आणि विजेचा धाकही तोच.

आमच्या शिवारात एका विहिरीपाशी बैलजोडी पाण्यावर नेली होती. बोअरवेलच्या केबलचा जॉइंट जमिनीवर, टेप मारलेला, रात्रीच्या पावसाने भिजलेला. आत करंट होता. डाव्या अंगाचा बैल तिथेच बसला तो उठला नाही. गडी शेजारी उभा होता, तो वाचला. ओल्या मातीत वीज पसरली की जिथून ती फुटते तिथपासून जितकं दूर तितका व्होल्टेज कमी होत जातो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, म्हणून त्याच्या अंगातून जाणारा झटका मोठा. माणूस दोन पाय जवळ ठेवून उभा असेल तर कमी बसतो. म्हणून ओल्या जागी पायाला मुंग्या आल्या तर पळायचं नाही, पाय जुळवून बारीक पावलांनी मागे सरकायचं.

आपल्या काळ्या मातीत केबलला एक जास्तीचा त्रास आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेग फाकताना पुरलेली केबल ताणली जाते. पावसाळ्यात माती फुगून तीच केबल दाबते. उथळ पुरलेली असेल तर वखराचं पातं किंवा रोटाव्हेटर तिला कधीतरी गाठतोच. कमी व्होल्टच्या केबलला ७५ सेंटिमीटर खोली, खाली-वर वाळूचा थर आणि वर विटा, हे नियमातलं माप आहे. वाळू नुसती उशी नाही, माती ताणली तरी केबलला सरकायला जागा देते. जिथे केबल वळते तिथे एक वेढा सैल सोडा.

पाण्यात उतरणाऱ्या केबलला कॉलम पाइपला दर तीन मीटरवर बांधा, नाहीतर मोटार सुरू होताना मारलेल्या प्रत्येक हिसक्याला ती केसिंगवर घासते. पाण्याखालच्या जॉइंटला टेप चालत नाही. पाण्यासाठी बनवलेलं हीट श्रिंक किंवा रेझिनचं किट घ्या. तिन्ही कोर एकाच जागी जोडू नका, एकापुढे एक टप्प्याने जोडा, म्हणजे एक जॉइंट फुटला तरी दुसऱ्या फेजला भिडत नाही.

पावसात स्टार्टर पडत असेल तर वारंवार हिरवं बटण दाबू नका. ओव्हरलोड रिलेचा आकडा पुढे ढकलून बसवू नका. मेन स्विच बंद करा, फ्यूजच्या ग्रिप काढून खिशात ठेवा, टेस्ट लॅम्पने तिन्ही फेज मेल्याची खात्री करा. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर) आपण चढायचं नाही, त्यासाठी लाइनमन. मग वायरमनला बोलावून मोटारीची केबल स्टार्टरमधून सोडवा आणि अर्थशी मेगर घ्या. एक मेगाओहमच्या खाली असेल तर मोटार चालवायची नाही. जमिनीवरच्या जॉइंटपाशी सोडवून दोन्ही बाजू वेगळ्या तपासा. बहुतेक वेळा खराब बाजू कळायला अर्धा तास लागतो. मोटार वर काढायचा खर्च कारण नसताना होत नाही. स्टार्टरच्या आधी अर्थ लीकेज ब्रेकर (जमिनीत गळती झाली की वीज तोडणारा) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

आणि हा आकडा लिहून ठेवा. मी माझ्या मोटार घराच्या भिंतीवर पेन्सिलने लिहितो: तारीख, पाऊस होता की ऊन, आणि मेगर. एकदा मे संपताना, एकदा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी. यंदा मेमध्ये एकशे वीस होता. पावसानंतर चाळीस आला. मागच्या वर्षी पावसानंतर पंच्याऐंशी होता, म्हणून येत्या रविवारी केबल भेगेच्या जागी उकरून बघणार आहे.